शंभर मिलिग्रॅमची बाटली आणि एक वर्ष

मेंदूच्या पेशींवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाचनात कधी ना कधी एल-अल्फा-अमिनोॲडिपिक आम्ल हे नाव येते. प्रयोगशाळेत आम्ही त्याला नुसते ‘एलएए’ म्हणतो. शोधनिबंधांच्या ‘पद्धती’ या भागात त्याच्या वाट्याला एखादे वाक्य येते: अमुक तीव्रतेचे एलएए इतके तास दिले आणि ॲस्ट्रोसाइट, म्हणजे मेंदूतील चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी, काढून टाकल्या. त्या एका वाक्यामागे किती कागद, किती वाट पाहणे आणि किती चुका असू शकतात, हे मला मार्च २०२४ ते मार्च २०२५ या काळात पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत कळले. हे काम ज्यांच्यापुढे आता उभे आहे, त्यांच्यासाठी ते जसे घडले तसे लिहून ठेवत आहे.

४ मार्च २०२४ रोजी आमच्या सोमवारच्या बैठकीत मी माझ्या चेतापेशींच्या नोंदी दाखवल्या, तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “यातलं चेतापेशींचं स्वतःचं किती आणि शेजारच्या ॲस्ट्रोसाइटमुळे घडणारं किती, हे तू कशावरून सांगणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. ॲस्ट्रोसाइट या ग्लिअल पेशी चेतापेशींच्या जोडणीपाशी सांडलेले ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशींचा संदेशवाहक रेणू, उचलतात, ग्लुटामिन सिंथेटेज या विकराच्या साह्याने त्याचे ग्लुटामिन करतात आणि ते चेतापेशींना परत देतात. त्या काढून टाकल्या तर काय बदलते, हे पाहणे हाच सरळ मार्ग होता.

एलएएचे वागणे त्याच्या रचनेतून समजते. ग्लुटामेटमध्ये कार्बनचे पाच अणू असतात आणि यात सहा. एवढ्याशा फरकाने ॲस्ट्रोसाइटच्या पृष्ठभागावरील ग्लुटामेट-वाहक फसतात आणि त्याला आत घेतात. आत गेल्यावर ते ग्लुटामिन सिंथेटेजला अडवते, पेशीचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन बनवणाऱ्या पहिल्या विकरालाही अडवते, आणि पेशी फुगून हळूहळू मरते. जॉन ओल्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या पिल्लांवर आम्लधर्मी अमिनो आम्लांचे जे परिणाम नोंदवले, त्यांत याचा ग्लिअल पेशींवरील परिणाम होता. ते आधी ॲस्ट्रोसाइटच्या आत शिरते आणि मगच घातक ठरते, हे हक आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पेशीसंवर्धनात, म्हणजे शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींवर, दाखवले. एप्रिलचा पहिला पंधरवडा मी हे सगळे वाचण्यात घालवला आणि तो वेळ पुढे कितीतरी वेळा उपयोगी पडला, कारण खरेदी विभागापासून एथिक्स कमिटीपर्यंत प्रत्येकाला हेच सोप्या भाषेत समजावून सांगावे लागले.

पहिला टप्पा एथिक्स कमिटीचा होता. आमचे संवर्धन एका दिवसाच्या उंदराच्या पिल्लांपासून करायचे होते, त्यामुळे संस्थेच्या प्राणी-प्रयोग समितीची मंजुरी अनिवार्य होती. अर्ज ‘फॉर्म बी’ या नमुन्यात भरायचा असतो. पूर्वी सीपीसीएसईए आणि आता सीसीएसईए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय समितीचे नियम त्याला लागू होतात, आणि त्या नियमांचा मूळ आधार १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. मी २२ एप्रिलला अर्ज दिला. आमच्या समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते आणि सुदैवाने मेची बैठक जवळ होती.

१७ मेच्या बैठकीत दोन आक्षेप निघाले. मी ‘अंदाजे ६० पिल्ले’ असे लिहिले होते. समितीला अंदाज नको होता. एका पिल्लापासून किती पेशी मिळतात, एका २४ कप्प्यांच्या प्लेटला किती लागतात, प्रयोग स्वतंत्रपणे किती वेळा करायचा आणि तेवढ्याच वेळा का, याचे गणित हवे होते. दुसरा प्रश्न समितीवरील विज्ञानाबाहेरच्या सदस्या, एक निवृत्त शिक्षिका, यांनी विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, “हा पदार्थ तुम्हाला हवं तेच करतो, याची खात्री तुम्ही पिल्लं घेण्याआधी करणार की घेतल्यानंतर?” मी काहीतरी सावरून उत्तर दिले. त्या प्रश्नाचा खरा अर्थ मला डिसेंबरमध्ये कळला.

सुधारित अर्जात मी आकडा ४८ वर आणला आणि द्रावणाच्या सर्व चाचण्या आधी पेशींशिवाय करीन, असे लेखी दिले. मंजुरी २३ ऑगस्टच्या बैठकीत मिळाली. म्हणजे अर्जापासून मंजुरीपर्यंत चार महिने गेले. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी समितीच्या बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्याव्यात आणि पिल्लांच्या संख्येचे गणित पहिल्याच अर्जात मांडावे. माझे तीन महिने त्या ‘अंदाजे’ या शब्दाने घेतले.

मंजुरीची वाट पाहत असतानाच मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात खरेदीचा इंडेंट टाकला. आमच्याकडे तीन दरपत्रके लागतात. तिन्ही आली तेव्हा त्यांतील फरक पाहून मी गोंधळले: एक ४,२०० रुपयांचे, दुसरे ११,४०० चे आणि तिसरे १३,९०० चे, तिन्ही शंभर मिलिग्रॅमसाठी. खरेदी विभागाने तुलनात्मक तक्ता करून नियमाप्रमाणे सर्वांत स्वस्त दर निवडला. फाइल सहीसाठी माझ्याकडे आली तेव्हा मी दरपत्रकातील बारीक अक्षरे वाचली आणि लक्षात आले, की ४,२०० चा माल ‘डीएल’ स्वरूपाचा होता. त्यात एल आणि डी ही एकाच रेणूची, आरशातल्या प्रतिबिंबासारखी, दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात.

हा फरक किरकोळ नाही. ॲस्ट्रोसाइटवरचा घातक परिणाम मुख्यतः एल-रूपाचा. डी-रूप चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहींना (ग्लुटामेटचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांना) अडवते आणि १९७० च्या दशकात त्या ग्राहींचा अभ्यास सुरू झाला तेव्हा ते याच कामासाठी वापरले गेले. मला ॲस्ट्रोसाइट गेल्यावर चेतापेशींचे काय होते ते मोजायचे होते. चेतापेशींच्या ग्राहींनाच अडवणारा पदार्थ सोबत गेला असता, तर माझ्या मोजमापाला काही अर्थ उरला नसता. मी हे सगळे एका पानाच्या तांत्रिक समर्थनपत्रात लिहिले, मॅडमची सही घेतली, आणि खरेदी विभागातील अधिकाऱ्यांनी ते लक्षपूर्वक वाचून दुसऱ्या दराला संमती दिली. इंडेंटमध्ये मी केवळ नाव लिहिले होते, ही माझी चूक. सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक, लिहिला असता तर हा घोळ झालाच नसता. एल-रूपाचा क्रमांक १११८-९०-७ आहे, डी-रूपाचा ७६२०-२८-२ आणि डीएल मिश्रणाचा ५४२-३२-५. इंडेंटवर, दरपत्रकावर आणि बाटली आल्यावर तिच्या लेबलवर, तिन्ही ठिकाणी तो ताडून पाहावा.

तेवढ्यात २३ जुलैचा अर्थसंकल्प आला आणि प्रयोगशाळेत वापरायच्या रसायनांवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झाले. त्या शीर्षाखाली मद्यार्क आयात करण्याचे प्रकार थांबवावेत, हा त्यामागचा हेतू होता. पण त्याच शीर्षाखाली पाचशे ग्रॅमपर्यंतच्या लहान पॅकिंगमधील आमची रसायनेही येतात. दुसऱ्याच दिवशी पुरवठादाराचा फोन आला की दरपत्रक मागे घेत आहोत. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या सर्वच प्रयोगशाळांचे इंडेंट अडकले होते, आणि माझ्यापेक्षा पुढच्या वर्षांत असलेल्या, प्रबंध लिहीत असलेल्या मुलांचे चेहरे पाहवत नव्हते. देशभरातून आक्षेप गेले आणि ऑगस्टच्या आरंभी, रसायन प्रयोगशाळेतच वापरले जाईल अशा हमीच्या अटीवर, १० टक्के दर परत लागू झाला. पुरवठादाराने नवे दरपत्रक दिले, आकडा तोच राहिला. हमीपत्रावर निबंधकांची सही आणि संस्थेचा शिक्का लागला, त्यासाठी नऊ दिवस गेले.

खरेदीचा आदेश ११ सप्टेंबरला, ऐन गणपतीत निघाला. किंमत ११,४०० आणि १८ टक्के जीएसटी धरून १३,४५२ रुपये. सहा ते आठ आठवड्यांत माल येईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात बारा आठवडे लागले. मी दर सोमवारी फोन करत असे. नोव्हेंबरच्या मध्यावर मला भीती वाटू लागली की मंजूर झालेल्या माद्यांच्या विण्याच्या तारखा निघून जातील आणि ॲनिमल हाऊसचे वेळापत्रक पुन्हा मागावे लागेल. पुरवठादाराशी चिडून बोलण्याने काही होत नाही. ‘माल कस्टम्समध्ये आहे की अजून निघायचा आहे’ एवढेच विचारावे आणि उत्तर ईमेलवर मागावे. तो ईमेल ॲनिमल हाऊसला दाखवल्यावर त्यांनी माझ्या तारखा दोन आठवड्यांनी पुढे सरकवून दिल्या.

४ डिसेंबरला स्टोअरमधून निरोप आला. स्टोअरच्या काकांनी खोका उघडून नोंदवहीत सही घेतली आणि बाटली हातात देताना विचारले, “एवढ्याशा बाटलीसाठी एवढी फाइल?” तपकिरी काचेची, बोटाच्या पेराएवढी बाटली होती. तळाशी पांढरी भुकटी, चहाच्या चमच्याचा तळही झाकणार नाही इतकी. मी त्यांना हे काय आहे ते सांगत असताना ओघात म्हणाले, की पेनिसिलिनची बुरशी हेच अमिनो आम्ल घेऊन, त्याला सिस्टीन आणि व्हॅलीन जोडून, औषधाचा पहिला सांगाडा रचते. काकांचा चेहरा उजळला. त्यांचे वडील पिंपरीच्या एच.ए.मध्ये, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, फर्मेंटरवर कामाला होते. १९५५ पासून त्या कारखान्याच्या टाक्यांमध्ये बुरशीच्या पेशी हाच रेणू घडवत होत्या आणि मी त्याच्या शंभर मिलिग्रॅमसाठी पाच महिने थांबले होते. त्यानंतर काकांनी माझा एकही खोका स्टोअरमध्ये एक दिवसही पडू दिला नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि ती माझ्या चुकीची आहे.

एलएए साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात ते तीव्र आम्लात विरघळते असे दिले होते, म्हणून मी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात १०० मिलिमोलरचे द्रावण केले. रेणूभार १६१.१६ असल्यामुळे एका मिलिलिटरला १६.१ मिलिग्रॅम लागतात. द्रावण लगेच पारदर्शक झाले आणि मला फार समाधान वाटले. ५ डिसेंबरला सहा पिल्लांपासून चेतापेशी आणि ग्लिअल पेशींचे मिश्र संवर्धन लावले. अकराव्या दिवशी, १६ डिसेंबरला, ०.२५, ०.५, १ आणि २ मिलिमोलर अशा चार तीव्रता दिल्या. नियंत्रण म्हणून जे कप्पे ठेवले, त्यांत फक्त पाणी घातले.

पेशींच्या माध्यमात फिनॉल रेड असते. ते नेहमी लालसर गुलाबी दिसते आणि माध्यम आम्लधर्मी झाले की पिवळे पडते. २ मिलिमोलरच्या कप्प्यात द्रावणाचा थेंब पडला, तेव्हा तो जिथे पडला तिथे लिंबाच्या सरबतासारखा पिवळा डाग उमटला, प्लेट हलवल्यावर पूर्ण कप्प्यात पसरला आणि तसाच राहिला. १ मिलिमोलरचा कप्पा नारिंगी झाला. मी ते पाहिले. इनक्युबेटरमधल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सगळे पूर्ववत होईल असे मी स्वतःला सांगितले आणि दार लावले. खरे तर कार्बन डायऑक्साइडने माध्यम आणखी आम्लधर्मीच होते, हे मला माहीत असायला हवे होते. त्या वातावरणात माध्यमाचा सामू जो टिकतो, तो त्यातल्या बायकार्बोनेटमुळे, आणि माझ्या आम्लाने तेच बहुतांश खाऊन टाकले होते.

१८ डिसेंबरला स्टेनिंग केले, म्हणजे पेशी प्रकारानुसार रंगवून पाहिल्या. २ मिलिमोलरमध्ये ॲस्ट्रोसाइट नव्हत्या, पण चेतापेशीही नव्हत्या. तळाला फक्त तुटलेल्या तंतूंचे तुकडे होते. १ मिलिमोलरमध्ये ॲस्ट्रोसाइट बऱ्याच कमी झाल्या होत्या आणि चेतापेशी अर्ध्याहून अधिक शिल्लक होत्या. ही दुसरी प्रतिमा फार मोहात पाडणारी होती. ती शोधनिबंधातल्या चित्रासारखी दिसत होती आणि मी ती मॅडमना आनंदाने पाठवली. त्यांनी उत्तरात एवढेच लिहिले, “फक्त आम्ल घातलेला कप्पा कुठे आहे?”

तो नव्हताच. त्याच संवर्धनाचे काही कप्पे सुदैवाने उरले होते. १९ तारखेला मी त्यांत एलएएशिवाय, नुसते १ नॉर्मल आम्ल तेवढ्याच मापाने घातले. दोन दिवसांनी मोठ्या मापाच्या कप्प्यातले चित्र हुबेहूब तसेच होते: सगळे मृत. त्या संध्याकाळी मी फार वेळ सूक्ष्मदर्शकापाशी बसून होते. मे महिन्यातला त्या शिक्षिकाबाईंचा प्रश्न आठवला. द्रावणाच्या चाचण्या आधी पेशींशिवाय करीन, असे मी लिहून दिले होते. मी विद्राव्यता तपासली होती, पण माध्यमात मिसळल्यावर सामू किती होतो ते तपासले नव्हते. त्यासाठी सामू मोजायची एक पट्टी आणि पाच मिनिटे पुरली असती. त्याची किंमत सहा पिल्लांनी दिली, आणि ते मी समितीच्या वार्षिक अहवालात तसेच लिहिले आहे.

जानेवारीत मी द्रावण नव्याने केले आणि ही कृती सविस्तर देते, कारण मला ती कोणी आधी दिली असती तर बरे झाले असते. १६.१ मिलिग्रॅम भुकटी ९०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात घ्यावी. ती विरघळणार नाही, तळाशी रेतीसारखी फिरत राहील. मग १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड दहा-दहा मायक्रोलिटरने घालावे आणि दर वेळी नळी हलवावी. या रेणूत कार्बोक्सिल गट दोन असले तरी अमिनो गटही एक आहे, त्यामुळे उदासीन होण्यास एका रेणूला अल्कलीचा एकच रेणू पुरतो. म्हणजे १०० मायक्रोलिटरच्या आसपास भुकटी नाहीशी होते आणि सामू ७ च्या जवळ येतो. शेवटचे दहा मायक्रोलिटर अर्ध्या-अर्ध्याने घालावेत, नाहीतर सामू एकदम ९ च्या वर उडतो. पट्टीवर ७.२ ते ७.४ दिसल्यावर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, छोट्या नळ्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवावे. नंतर पेशी नसलेल्या माध्यमात सर्वांत मोठे माप घालून एक रात्र इनक्युबेटरमध्ये ठेवावे आणि सकाळी रंग पाहावा. माझा रंग ७ जानेवारीच्या सकाळी गुलाबीच होता. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत भुकटी स्पॅच्युलाला आणि वजनाच्या कागदाला चिकटते, म्हणून वजन थेट नळीतच करावे. कागदावर मी किमान दोन मिलिग्रॅम गमावले.

नियंत्रणे या वेळी तीन ठेवली: काहीच न घातलेला कप्पा, तेवढ्याच मापाचे मिठाचे पाणी घातलेला कप्पा, आणि ज्यात एलएएसोबत जादा ग्लुटामेट दिले असा केवळ ॲस्ट्रोसाइटच्या संवर्धनाचा कप्पा. तिसरे नियंत्रण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एलएए जर खरोखर ग्लुटामेटच्याच दारातून आत जात असेल, तर दारात ग्लुटामेटची गर्दी केल्यावर त्याचा परिणाम कमी व्हायला हवा. चेतापेशी असलेल्या कप्प्यात हे करता येत नाही, कारण जादा ग्लुटामेट चेतापेशींनाच मारते.

जानेवारी आणि फेब्रुवारीत तीन स्वतंत्र संवर्धने लावली. पहिल्या चोवीस तासांत १ मिलिमोलरच्या कप्प्यांत काहीच घडत नाही असे वाटत होते. ॲस्ट्रोसाइट फक्त फुगल्या होत्या आणि त्यांची केंद्रके फिकट, गोल झाली होती. आम्लाने झालेला मृत्यू एका रात्रीत दिसला होता. हा संथ होता, आणि त्या संथपणानेच मला प्रथम विश्वास वाटला. अठ्ठेचाळीस तासांनी जीएफएपीने (ॲस्ट्रोसाइट ओळखण्याच्या प्रथिन-खुणेने) रंगणाऱ्या पेशी मोजल्या तेव्हा त्या नियंत्रणाच्या एक-तृतीयांशाहून कमी उरल्या होत्या. मॅप-टू या चेतापेशींच्या खुणेने रंगणाऱ्या चेतापेशी जवळजवळ नियंत्रणाइतक्याच होत्या. २ मिलिमोलरला मात्र, सामू योग्य असूनही, चेतापेशीही कमी झाल्या. म्हणून ‘निवडकपणे ॲस्ट्रोसाइट मारते’ हे वाक्य मी आता तीव्रता आणि वेळ सांगितल्याशिवाय लिहीत नाही. जादा ग्लुटामेट दिलेल्या कप्प्यात ॲस्ट्रोसाइट बऱ्याच अंशी वाचल्या. २१ फेब्रुवारीला मी तिन्ही संवर्धनांचे आकडे एकत्र मांडले, आणि या वेळी मॅडमकडे पाठवण्यापूर्वी दोन दिवस ते माझ्याजवळ ठेवले.

एक चाचणी उरली होती. एका प्लेटमध्ये अठ्ठेचाळीस तासांनंतर एलएए धुऊन काढले, ताजे माध्यम दिले आणि आठवडाभर थांबले. ७ मार्चला स्टेनिंग केले, तेव्हा मधला भाग अजून मोकळाच होता, पण कप्प्याच्या कडेने, जिथे काही पेशी वाचल्या असाव्यात, तिथून हिरव्या रंगात चमकणाऱ्या ॲस्ट्रोसाइट आत सरकत होत्या. त्यांचे फाटे लांब, पातळ आणि मोकळ्या जागेकडे वळलेले होते. म्हणजे ॲस्ट्रोसाइटविना चेतापेशींचे मोजमाप करायला माझ्याकडे जेमतेम दोन-तीन दिवसांची खिडकी आहे, आणि मूळ प्रयोग त्याच बेताने आखावा लागेल.

बाटलीत आता ३१ मिलिग्रॅम शिल्लक आहे. तिच्या लेबलखाली मी उघडल्याची तारीख, सीएएस क्रमांक आणि ‘आम्लात विरघळवू नये, समप्रमाणात अल्कली’ एवढे लिहून चिकटपट्टी लावली आहे. पुढचा इंडेंट गेल्या आठवड्यात टाकला, या वेळी क्रमांकासह.